हुसेनाबीचा परवाना

परवा आमच्या नातीला बांगड्या भरायला इंदापुरातून एक जण आला होता. त्यानं पोरीचा हात असा काही दाबला की ती कळवळली. माझी बायको आतून म्हणाली, "हुसेनाबी असती तर पोरीला कळलंसुद्धा नसतं." हे नाव आमच्या घरात निघालं की मी उठून बाहेर जातो. वीस वर्षं जातोय. बायकोला वाटतं, जुन्या आठवणींनी मला त्रास होतो. त्रास कसला? मला किळस येते. गावाची येते, त्या वेळच्या कागदी कारभाराची येते, आणि गावच्या तलाठ्याची सगळ्यात जास्त येते. हुसेनाबीला सरकारनं परकी ठरवून देशाबाहेर काढलं. तलाठ्यानं चार खरी वाक्यं सांगितली असती तर ते कदाचित टळलं असतं. त्यानं ती सांगितली नाहीत. तो तलाठी मी.

गाव इंदापूर तालुक्यातलं, शेळगावच्या अलीकडं. नाव लिहीत नाही. त्यातली बरीच माणसं अजून पारावर बसतात.

हुसेनाबी मणियारीण आमची शेजारीण. आमच्या परसाची आणि तिच्या परसाची भिंत एकच. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, उंच, सावळी, नऊवारी लुगडं, दातांना कायम मिशरी. बांगड्यांच्या माळा दोन्ही खांद्यांवर घालून निघाली की ती दिसायच्या आधी ऐकू यायची. शेळगावपासून पार लासुर्ण्यापर्यंत पायी हिंडायची. कुणाच्याही अंगणात बसली तरी उठताना तिथल्या काचा स्वतः वेचायची, आपल्याच नव्हे, तर आधीच्या कुणी टाकलेल्यासुद्धा, आणि पदराच्या टोकात बांधून गावाबाहेर नेऊन पुरायची. "लेकरं अनवाणी पळत्यात," एवढंच म्हणायची.

तिला बायका चेहऱ्यानं ओळखू यायच्या नाहीत, असं ती स्वतःच सांगे. "तोंडाचं काय घिऊन बसलाय? तोंड हसतंय का रडतंय त्ये बाई ठरवती. मनगटाला न्हाय तसं ठरवता येत." हात हातात घेतला, अंगठ्यानं एकदा चाचपला की ही कोण, कुणाची, कुठं दिलेली, हे ती सांगायची.

वरच्या आळीत एक सासू सुनेला घेऊन बसली होती. मी तिथं पाण्याच्या पाळीची तक्रार लिहून घ्यायला गेलो होतो, म्हणून हे कानांनी ऐकलं. सासू म्हणाली, "सव्वादोनच्या काढ." हुसेनाबीनं सुनेचा हात घेतला आणि मनगट पुन्हा पुन्हा चाचपत राहिली.

"काय गं, थांबलीस का?"

"दिवाळीला हिला अडीचच्या बसल्या व्हत्या, आत्याबाई. म्याच भरल्या. आता सव्वादोन ढिल्या हुत्यात. ज्वारी सरली का काय घरातली?"

"नाजूक हाय पोरगी. अंगाला लागत न्हाय तिच्या."

"नाजूक कशानं? तळव्याला घट्टं हायती. म्हशी हीच पिळती न्हवं? मग दूध कोन पितं?"

आळीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हुसेनाबीनं माळा उचलल्या. "म्या आज भरत न्हाय. पुढल्या म्हयन्यात येते. हात अडीचचा झाला तर भरीन, न्हायतर पोरीच्या बापाला निरोप धाडीन. त्येच्या गावाला माझी फेरी असतीच." ती धमकी नुसती नव्हती, हे सासूला ठाऊक होतं. महिन्यानं त्या सुनेला दूध मिळत होतं. प्रेमानं नव्हे, भीतीनं. पण दूध ते दूध.

तिचा नवरा कासम कराचीच्या गोदीत हमाली करायचा. आता हे सांगितलं की तरुण माणसं चमकून बघतात. आमच्या लहानपणी कराची आपल्याच मुंबई इलाख्यात होती. कोकणातला गडी मुंबईला जावा तसा देशावरचा एखादा कराचीला जायचा. मुंबईहून आगबोटीचं तिकीट काढलं की झालं. कासम दर मोहरमला गावी यायचा, ताबूत उचलायचा, महिनाभर राहायचा आणि परत जायचा. मग देशाचे दोन देश झाले आणि कासम होता तिथंच राहिला. तो कुठं गेला नव्हता. सरहद्दच त्याच्या अलीकडं येऊन बसली होती.

पुढच्या शिमग्यानंतर पत्र आलं की तो आजारी आहे, उठवत नाही. पत्र वाचून दाखवलं मीच. दुसऱ्या दिवशी सकाळी हुसेनाबी आमच्या ओसरीवर आली, बरोबर तिची बारा वर्षांची मुलगी झुलेखा.

"दत्तू, दोन म्हयनं लागतील. त्याला घिऊन येते, न्हायतर त्याला माती दिऊन येते. पोरगी तुज्या आईपाशी ऱ्हाईल. ही घराची किल्ली. शेळी मातूर तुज्या बायकूला नगं, ती धार काढताना बोलत बसती, शेळी बुजती."

एवढं बोलून ती गेली. मुंबईपर्यंत मोटार नि रेल्वे, पुढं आगबोट. त्या वेळी परवाने, पासपोर्ट असलं काही नव्हतं. ते ती तिकडं पोचल्यावर, त्या पावसाळ्यात सुरू झालं.

त्याच पावसाळ्यात वरून माझ्याकडं एक तक्ता आला. गावातून पाकिस्तानात गेलेल्यांची नावं, जाण्याचं कारण, मागं राहिलेली माणसं, आणि शेवटच्या रकान्यात परत येण्याचा इरादा. दर माणसाची चौकशी करून भरायचा होता. आमच्या गावात चारच नावं. पहिलं एका कातड्याच्या व्यापाऱ्याचं. तो घरदार विकून कुटुंबासकट कायमचा गेला होता. मी त्याच्यापुढं सगळं नीट लिहिलं, शेवटी ‘इरादा दिसत नाही’ असं लिहिलं, आणि खालच्या तिन्ही नावांपुढं सगळ्या रकान्यांत ‘सदर, सदर, सदर’, म्हणजे वरच्याप्रमाणंच, असं ओढत गेलो. आम्हा कारकुनी माणसांची ही सवय. एकदा ‘सदर’ लिहायला लागलं की हात थांबत नाही. तिसरं नाव हुसेनाबीचं होतं. मागं राहिलेली माणसं: सदर, म्हणजे कुणी नाही. मी हे लिहीत होतो तेव्हा झुलेखा आमच्याच पडवीत माझ्या आईबरोबर शेंगा फोडत होती. फोडल्याचा आवाज मला येत होता.

कासम दिवाळीच्या सुमाराला वारला. हुसेनाबीला परतायचं होतं आणि आता परवान्याशिवाय येता येत नव्हतं. परवाने दोन तऱ्हेचे. एक कायमचं परत येण्याचा. त्याला इकडून चौकशी, कागदांची ये-जा, सहा-सहा महिने. दुसरा भेटीपुरता, मुदतीचा. तो आठ-पंधरा दिवसांत मिळायचा. तिथल्या कुणीतरी तिला दोन्ही समजावून सांगितले होते. म्हणजे तिला फसवलं कुणी नाही. तिनं समजून-उमजून दुसरा घेतला.

माघात ती गावात आली. गळा, हात मोकळे. परवाना मला दाखवला. तीन महिन्यांची मुदत.

"मावशी, कायमचा का नाही मागितलास?"

"मागितला असता तर वैशाख उजाडला असता. आबाच्या शालूचं लगीन फाल्गुनात हाय. तिच्या आईचा चुडा म्या भरला, तिच्या आत्याचा म्या भरला. शालूचा दुसऱ्या कुनी भरायचा व्हय?"

आबा म्हणजे आमचे पाटील. त्यांच्या पोरीच्या हातात लग्नाचा हिरवा चुडा आपणच चढवायचा, या एका गोष्टीसाठी ही बाई चुकीचा परवाना घेऊन आली. तिला ती चूक वाटली नाही. आपल्याच गावी यायला कसला आलाय कायमचा नि मुदतीचा? मला मात्र कळत होतं. मुदत संपायच्या आत अर्ज केला पाहिजे, तोही मीच लिहायला पाहिजे, हे मला कळत होतं. मी म्हणालो, "राहू दे. इथं खेड्यात कोण विचारतंय?"

लग्नाच्या आदल्या दिवशी ती पाटलांच्या दारात गेली. पाटलीणबाई चौकटीत उभ्या. "आलीस, बरं वाटलं गं. पर असं बग हुसेना, आता कासम न्हाई. पोरीचा पयला चुडा हाय. लोकं बोलत्यात." चुडा भरायला इंदापुरातून दुसरा कासार आणून बसवला होता. हुसेनाबी मांडवाच्या खांबाला टेकून बसली. एवढी समुद्रापलीकडून आली ती त्या खांबापर्यंत.

आत कासारानं भरायला घेतलं. पहिली बांगडी फुटली. फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणतात. दुसरी वाढली. शालूच्या हाताला काच लागून रक्त आलं. तिसरी वाढली तेव्हा पाटलीणबाईंचं तोंड पांढरं पडलं.

बाहेरून हुसेनाबी म्हणाली, "डाव्या हाताचं हाड मोठं हाय तिचं. लहानपनी जांभळावरनं पडली व्हती. अंगठा आत मोडून घ्यावा लागतोय. सांगा त्येला."

कासार चिडला. "मग येऊन भर की तूच!"

"मला कुठं आत घेत्यात?"

शेवटी पाटलीणबाईच बाहेर आल्या आणि हाताला धरून तिला आत घेऊन गेल्या. एकवीस बांगड्या चढल्या, एकही वाढली नाही. रिवाजाप्रमाणं शालू तिच्या पायाशी वाकली. तेव्हा कुणी म्हणालं नाही की लोकं बोलतात. अपशकुनाची भीती धर्मापेक्षा आणि सरकारापेक्षा मोठी, निदान आमच्या गावात.

मुदत संपली. कुणी विचारलं नाही. पहिल्या निवडणुकीची यादी करायला मी घरोघर गेलो, तेव्हा तीच माझ्याबरोबर हिंडत होती. बायका नाव सांगेनात. "लिव्हा की, गनपाची बायको." नवी सूचना होती की असं चालणार नाही, नाव पाहिजे, नाहीतर मत नाही. हुसेनाबी एकेकीचा हात धरून दटावायची. "ए चंद्रभागे, नाव सांग! गनपा मेला म्हंजी तू काय बिननावाची जळशील?" बायका लाजत, हसत नावं सांगायच्या. आमच्या गावात यादीतून एकही बाई गळली नाही. शेवटी तिनं स्वतःचं लिहायला लावलं. हुसेनाबी कासम मणियार. तिनं मत दिलं, बोटाची शाई आठ दिवस दाखवत फिरली. मीही तिचं नाव बेधडक लिहिलं. मी तिला कागदावर पाकिस्तानात धाडलं होतं आणि मीच तिला मतदार केलं होतं. दोन्ही कागद एकाच कपाटात.

झुलेखाचं लग्न सुप्याच्या एका शिंप्याशी झालं. तिला पहिलेपणाचे दिवस गेले होते आणि हुसेनाबी बाळंतपणाची तयारी करत होती, तेव्हा तिच्यावर नोटीस आली. कुठल्याशा वरच्या कचेरीत जुने परवाने तपासले जात होते. भेटीपुरती आलेली परदेशी बाई, मुदत संपून वर्षं लोटली, एका महिन्यात निघून जावं. जायचं कुठं? कराचीत तिचं होतं काय? एक कबर.

गाव सुरुवातीला तावातावानं बोललं. पंचवीस जणांचा अर्ज करायचं ठरलं. सही घ्यायला पाटलांकडं गेलं, तर आबा पानाला चुना लावत म्हणाले, "बाई सोन्यासारखी हाय. पर ह्यो पाकिस्तानचा मामला. उद्या पोलीस म्हनला, पाटलानं लपवलं, मग? तलाठ्याची सही घ्या आदी. त्यो सरकारी मानूस." मी म्हणालो, मी सरकारी माणूस, मी कशी करू? आबांनी करावी. अर्ज चार दिवस दोन दारांत फिरला आणि कुणाच्या तरी घरी चूल पेटवायला गेला. पारावर एक जण म्हणाला, "न्हायतरी तिचा घरवाला तिकडलाच." ज्याच्या बायकोला दूध मिळवून दिलं होतं, तो हा.

हुसेनाबीनं बारामतीचा एक वकील गाठला. भला माणूस होता. त्यानं मला बोलावून घेतलं. त्याच्या ओटीवर हुसेनाबी बसलेली, शेजारी पोटुशी झुलेखा.

वकील म्हणाला, "अवघड आहे. नवऱ्याचं ठिकाण तेच बायकोचं ठिकाण धरतात. नवरा तिकडचा ठरला की ही तिकडची."

"वकीलसायब," हुसेनाबी म्हणाली, "त्यो जित्ता असताना म्या त्याच्या मागं गेले न्हाय. आता मेल्यावर कुठवर धाडता त्याच्या मागं?"

"म्हणूनच म्हणतो, एक वाट आहे. ही बाई तिकडं राहायला गेलीच नव्हती, आजारी नवऱ्याला बघायला गेली होती, हे दाखवायचं. मुलगी मागं ठेवली, किल्ली ठेवली, दोन महिन्यांत येते म्हणाली. तलाठीसाहेब, हे सगळं तुमच्याकडं ठेवलं म्हणते. तुमच्या आई आता नाहीत. पाटील म्हणतात, आम्हाला ठाऊक नाही. राहिलात तुम्ही. आणि तक्त्यात हिच्यापुढं ‘सदर’ आहे. चौकशी न करता लिहिलं गेलं, एवढं सांगा. कोर्टात उभं राहायला मला एवढं पुरे."

तेव्हा माझं सर्कल इन्स्पेक्टरच्या जागेसाठी नाव गेलेलं होतं. खोटा तक्ता भरला असं लिहून दिलं तर बढती राहिली बाजूला, खातेचौकशी लागली असती. नोकरी गेलीच असती असं नाही. हे मी आता लिहितोय. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत होतो की गेली असती.

मी म्हणालो, "बरीच वर्षं झाली. मला नीट आठवत नाही."

वकिलानं लेखणी खाली ठेवली. झुलेखानं मान वर केली. आमच्या घरात दहा-अकरा महिने जेवलेली पोर. ती बघत राहिली, आणि मी ओटीच्या शेणानं सारवलेल्या भुईकडं.

हुसेनाबीच बोलली. आवाज चढवला नाही. "न्हाय आठवत? दत्तू, तुला गोवर निघाला व्हता तवा तुजी आय रडत बसली, आनि म्या लिंबाचा पाला आनला. तू माज्या लुगड्यावर वकलास. हिरव्या काठाचं व्हतं. त्ये मला आठवतंय. तुला लिव्हता येतं, तुला काय, कागदात ठेवलं की झालं. मला न्हाय येत. मला समदं ध्यानात धरावं लागतंय."

मग वकिलाकडं वळून म्हणाली, "ह्येला जाऊ द्या. ह्येची एसटी चुकंल."

मी खरंच एसटी पकडली. वाटेत भूक लागली म्हणून भजी खाल्ली. हेही लिहून ठेवतो.

वकिलानं माझ्यावाचून अर्ज केला. तो फेटाळला. महिना भरला त्या दिवशी दुपारी मला इंदापूरच्या एसटी स्टँडवर बोलावणं आलं. तिला न्यायला आलेला हवालदार बाहेरचा होता, घाटावरची माणसं त्याला नवी. इथून भिगवण, तिथून रेल्वेनं मजल-दरमजल करत सरहद्दीपर्यंत त्यानं तिला पोचवायचं होतं. ही तीच बाई अशी ओळख पटवून सही देणारा गावचा माणूस त्याला हवा होता. तलाठी चालतो, असं त्याला सांगितलेलं.

झुलेखा आली नव्हती. सातवा सरून आठवा लागला होता. सुप्याहून इंदापूरपर्यंत हादरे खात येऊ नको, असं आईनंच कळवलं होतं म्हणे.

हुसेनाबी एका बोचक्यावर बसली होती. हवालदारानं पेटीवर कागद ठेवला. मी टाक घेतला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं भराभर लिहिलं, "ही बाई मौजे मजकूरची कायमची राहणारी असून मी तिला लहानपणापासून ओळखतो." आणि खाली सही.

हवालदारानं मोठ्यानं वाचलं, दोनदा वाचलं. "अहो तलाठी, ‘कायमची राहणारी’ कसं लिहिता? ती इथली राहणारी असली तर मी नेतोय कुणाला?"

हुसेनाबी हसली. मनापासून हसली, मिशरीचे काळे दात दिसले. "बगा हवालदार! न्हाय न्हाय म्हनता आठवलं त्येला."

हवालदारानं कागद माझ्याकडं सरकवला. "खोडा तेवढं. आणि खोडल्याची सही करा."

खोडलं नसतं तर? मी हे अनेकदा मनात घोळवलंय. तो कागद तसाच घेऊन मी बारामतीला पळालो असतो तर वकिलानं त्याचं काही केलं असतं का? ठाऊक नाही. हवालदारानं दुसरा कोरा कागद काढला असता, एवढंच झालं असतं बहुधा. पण खोडायला मी क्षणभरही थांबलो नाही. दोन शब्दांवर रेघ मारली, बाजूला आद्याक्षरं घातली. तिनं खाली अंगठा उठवला.

गाडी लागली. गर्दी होती. हवालदार "पोलीस, पोलीस" करत तिला घेऊन चढला. मी खाली उभा राहिलो, काहीतरी बोलावं म्हणून. तिनं एकदाही माझ्याकडं बघितलं नाही. रागानंही बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिच्या बाकाशी एक पोरसवदा बाई उभी होती, कडेला तान्हं, हातात पिशवी, दुसरं पोर पदराला. तिला बसता येईना. हुसेनाबीनं न विचारता तान्हं उचलून मांडीवर घेतलं, पाय पसरून त्याला आडवं केलं आणि उन्हाच्या बाजूनं पदर धरला. गाडी हलली तेव्हा ती त्या बाईला काहीतरी विचारत होती. कुठं उतरणार, असं विचारत असावी. बाई सांगत होती, आणि मग तिनंही उलट तोच प्रश्न विचारला असावा; कारण हुसेनाबीनं हवालदाराकडं हात केला, ह्येलाच इचारा अशा अर्थी, आणि पुन्हा तान्ह्याकडं वळली.